आजोबा कुणाचे

मनगटाचं हाड होतं, शेंगदाण्याएवढं. बांबूच्या कामटीनं त्याच्या भोवतालची ओली माती खरवडताना रोफिनुसनं श्वास रोखून धरला होता — इथली हाडं उकडलेल्या रताळ्याइतकी मऊ, लोखंड लागलं की संपलंच — आणि खड्ड्याच्या तळाशी घामानं निथळत तो सवयीनं पुटपुटला, या आजोबा... आणि कामटी थांबली. आजोबा? सकाळच्या कॉफीपासून हा शब्द माशाच्या काट्यासारखा त्याच्या घशात अडकून बसला होता.

सकाळी रेत्नोनं त्याला बाजूला बोलावलं होतं. ती जावा बेटावरची, खोदकामाची प्रमुख, वयानं त्याच्या पुतणीएवढी.

"काका, गावानं दिलेल्या थुंकीच्या तपासणीचा निकाल आलाय. तुमच्या गावाचं आणि या हाडांच्या माणसांचं काही नातं नाही. जरासुद्धा नाही. रविवारी गावाच्या सभेत सांगणारच आहे, पण त्याआधी तुमच्या बाबांच्या कानावर तुम्हीच घाला. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

"मग हे कुणाचे?"

"तेच तर कळत नाही हो!" ती हसली, पण दमलेलं हसू होतं ते. कुणी म्हणतं, चांगली धिप्पाड माणसं समुद्रावरून इथं आली आणि पिढ्यान्‌पिढ्या बेटावर राहून लहान होत गेली, इथल्या पुरातन बुटक्या हत्तींसारखी. कुणी म्हणतं, नाही, आली तीच लहान, फार जुन्या कुळातली. "मनगटं पाहिली की दुसरं पटतं. दात पाहिले की पहिलं. आणि झोप उडते."

तुझी झोप उडते, मुली, पण तुला कुणी शाळेत दप्तरासकट उचलून कपाटावर नाही बसवलं. ए बुटक्या, उभा राहा की! — उभाच आहे तो! — आणि वर्ग खिदळायचा. मग गुहेत हजारो वर्षांपूर्वीच्या या माणसांची हाडं सापडली, जेमतेम कमरेएवढ्या माणसांची, आणि तीच पोरं, आता बाप्ये झालेली, बाजारात म्हणायला लागली, रोफिनुस, तुझे आजोबा पेपरात आलेत रे! थट्टाच होती, पण तिच्यात मान होता. मोजमाप घ्यायला डॉक्टर आले तेव्हा बाबा फूटपट्टीपुढे इतके ताठ उभे राहिले, की डॉक्टरांना सांगावं लागलं, टाचा टेका. कुणाचे तरी आहोत, आपलं बुटकेपण कुठून तरी आलंय, एवढं कळल्यावर केवढं हलकं वाटलं होतं! मला मूलबाळ नाही. मागे एवढी लांब रांग उभी आहे या भरवशावर मी पुढचं रिकामेपण सोसत आलो. आणि आता...

रेत्नोच्या माणसांनी हाड उचललं, डबीत कापसावर ठेवलं. सगळे खुशीत होते. त्याच्या पाठीवर थाप पडली. त्याला राग आला, कुणाचा ते कळेना.

उद्या नवा खड्डा उघडायचा होता. त्याआधी गुहेच्या तोंडाशी कोंबडा कापून, भात आणि काळीज वाढून गुहेतल्या आजोबांची परवानगी मागायची, आणि मागणार बाबाच. दर वर्षी तेच मागत. शेताच्या बांधावरून घरी येताना रोफिनुस वाक्य जुळवत राहिला. बाबा, एक सांगायचंय. बाबा, ते लोक म्हणतात... रेत्नोवर ढकलावं का? भित्रा आहेस तू, त्यानं स्वतःला ऐकवलं.

उन्हं उतरली होती. बाबा ओट्यावर पांढऱ्या कोंबड्याचे पाय बांधत बसले होते.

"आलास? बरं झालं. माझा आवाज बसलाय. उद्या तू बोलायचंस."

"मी?"

"मग काय हा कोंबडा बोलणार? म्हणून दाखव. आणि मान खाली घालून — एवढी नको, आधीच जमिनीला लागलायस."

तो उभा राहिला. सांग, आत्ताच सांग. बाबांचे डोळे मिटलेले, कान पुढे.

"हा भात, हे काळीज," त्यानं सुरुवात केली, "आम्ही जमीन उकरतोय, रागावू नका. आम्ही तुमची..."

नातवंडं. तिथंच तो अडला. त्यांची नातवंडं नाहीतच कुठं. ती माणसं कुठून आली, कुणाची होती, कुणी सांगू शकत नाही, आणि शेवटचं जे कुणी मेलं असेल त्या गुहेत, त्याला घास ठेवायलाही कुणी उरलं नव्हतं. एकही नाही. इतकी वर्षं त्या अंधारात फक्त हा एक म्हातारा बसलेल्या आवाजात त्यांना आजोबा म्हणत आला... दिवसभर रोफिनुस स्वतःसाठी हळहळत होता. हे दुःख त्याचं नव्हतं.

"पुढे?" बाबा म्हणाले. "विसरलास?"

"नाही."

"मग?"

शब्द ओठांवर होता. तो खोटा होता हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्याला आता भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची — रविवारनंतर त्यांना आजोबा कुणीच म्हणणार नाही.