खालचा फोटो

सगळ्या जगाचे फोटो काढणाऱ्याच्या घरात स्वतःच्या आईचा एक धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नाशिक रोडला आमचा स्टुडिओ आहे. माझे यजमान रविराज लग्नांचे फोटो काढतात आणि कॉम्प्युटरवर त्यांची जुळवाजुळव मी करते. माझ्या सासूबाई, चंद्रभागाबाई, संक्रांतीनंतर एका दुपारी घरातून निघून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. वर्षभर त्यांना विसरायला व्हायचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे; त्या मला कधी सूनबाई म्हणायच्या, कधी नर्सबाई.

पोलिसांनी फोटो मागितला. आधार कार्डावर तर माणूस स्वतःलाही ओळखत नाही. शेवटी पुतणीच्या हळदीतला एक सापडला. मांडवात उजेड कमी, त्यामुळे असे फोटो दाणेदार येतात. ते दाणे घालवायचं सॉफ्टवेअर रविराजनी हौसेनं घेतलं होतं, त्यात त्यांनी हा फोटो तेव्हाच साफ करून ठेवलेला.

मी म्हटलं, "अहो, या कुठं आत्याबाई? हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं? सुरकुत्या कुठं गेल्या? ही तर कुणी मास्तरीण दिसतेय."

"बारीक ठिपके जातात गं त्यात. चेहरा तर तोच आहे ना?"

"डोंबल तोच! मूळचा काढा."

"उडवला असेल. डिस्क भरली होती. आणि असला दाणेदार फोटो चौकाचौकात लावू? फोटोग्राफर म्हणवतो मी स्वतःला."

निदान गोंदण आहे असं खाली लिहा म्हटलं, तर म्हणाले, त्या वयाच्या निम्म्या बायकांना गोंदण असतं, ती काय खूण झाली? असा संताप आला मला! पण आई त्यांची होती. मी पोस्टर छापायला टाकलं.

पोस्टर लागले. स्टेशनवर, पंचवटीत, आत्याबाईंच्या माहेरी दिंडोरीला आणि तिथल्या वाटेवरही. फोन यायचे, आम्ही धावत जायचो आणि भलतीच कुणीतरी निघायची. रविराजचं अन्न तुटलं. दाढी करायचंही सुटलं.

फेब्रुवारी सरत आला तरी लग्नांचे फोटो लावायचे तसेच पडले होते. रविराज पोलीस ठाण्यात गेले होते, म्हणून मीच बसले. हळदीचं फोल्डर उघडलं, तर आत्याबाईंच्या फोटोच्या कोपऱ्यात बारीक दोनचा आकडा. म्हणजे एकावर एक दोन फोटो. साफ केलेला वर आणि मूळचा त्याच्याखाली झाकलेला. गिऱ्हाइकाला खराब फोटो दिसू नये म्हणून रविराजनीच घातलेली ही शिस्त, आणि स्वतःच विसरले होते. मी त्या आकड्यावर क्लिक केलं आणि आत्याबाई बाहेर आल्या. दाणेदार, काळवंडलेल्या, पण आमच्याच. गाल बसलेले, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. मी मोठ्यानं रडले. मग शिव्या दिल्या, कुणाला ते विचारू नका.

यजमानांची वाट पाहिली नाही. प्रिंट काढले आणि दिंडोरीचा रस्ता धरला. भान गेलेली बाई दुसरीकडे कुठं जाणार, माहेरीच ना! वाटेत एक निराधार बायकांचा आश्रम लागला. फाटकावर आमचंच पोस्टर, उन्हानं विटलेलं. एक बाई अंगण झाडत होत्या, नवसाबाई त्यांचं नाव; त्यांच्या हातात मी प्रिंट दिला.

"अगं माय! ही तर आमची माहेरवाशीण!"

"कुठं आहेत?" मी आत डोकावू लागले.

नवसाबाईंनी झाडू खाली ठेवला. "बस पोरी. गेल्या मंगळवारी गेली ती. तापाचं निमित्त झालं. नाव सांगता येत नव्हतं तिला. बापाकडं निघाले, एवढंच म्हणायची. लय गोड बाई. पोलीस आले, लिहून घेऊन गेले, वाट पाहिली. कोणी आलं नाय. मग इथल्यांनीच अग्नी दिला."

"अहो पण फाटकावर फोटो लावलाय की त्यांचा!"

त्यांनी फाटकाकडं पाहिलं, मग हातातल्या प्रिंटकडं. पुन्हा फाटकाकडं.

"ती व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "ती तर शहरातली बाई वाटती गं. ही रोज त्याच फोटोखाली उन्हाला बसायची."

पुढं त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मला उठवेना. रिक्षा त्यांनीच बोलावून दिली.

घरी आले तर रविराज दारातच उभे. सांगितलं सगळं. ते उंबऱ्यावरच बसले. मग विचारलं, "माझं नाव घेतलं का गं तिनं?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"नाव नाही घेतलं. पण पोस्टरवरच्या त्या बाईची फार काळजी करायच्या म्हणे. रोज नवसाबाईंना विचारायच्या, 'सापडली का गं ही? हिचं पोरगं बिचारं शोधत असंल.'"