दहापासून सुरू होणारी टेप

मित्रांनो, मी झाडांचा घेर मोजणारी कापडी टेप आहे. जुनी, आणि एका टोकाला थोटी. सध्या एका कंपनीच्या स्वागतकक्षात काचेच्या पेटीत राहते. खाली पितळी पाटी आहे, 'हरित वाटचालीची साक्षीदार'. पाटी लिहिणाऱ्याला झाड आणि विजेचा खांब यांतला फरक कळत असेल, असं मला वाटत नाही.

माझा जन्म सांगण्यासारखा नाही. एका यंत्राने रेघा छापल्या, दुसऱ्याने गुंडाळलं, संपलं. खरं आयुष्य सुरू झालं ते म्हाताऱ्या मोजणीदाराच्या खिशात. डोंगरउतारावरच्या जुन्या जंगलात तो वर्षातून एकदा नंबर घातलेल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर मला गुंडाळायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि त्याची लेक तो वहीत उतरवायची. दुसऱ्याच वर्षी दोघं जेवायला बसली असताना एका बकरीने माझी पहिली दहा सेंटिमीटर चावून खाल्ली. मोजणीदार तिच्यामागे धावला, दमला आणि हसत सुटला.

"आता प्रत्येक आकड्यातून दहा वजा करायचे गं, विसरू नकोस," तो लेकीला म्हणाला.

नवी टेप मागायला तो तीनदा कार्यालयात गेला. तिन्ही वेळा अर्ज नव्या नमुन्यात आणायला सांगितलं. मग अकरा वर्षं बापलेकींनी दहा वजा केले आणि दोघं एकदाही चुकली नाहीत.

पुढे लेकीचं लग्न झालं. तिचं घर सिमेंट कारखान्याच्या जुन्या भट्टीसमोर होतं. तिची मुलगी चालायला लागायच्या आधी खोकायला लागली. त्याच सुमारास कारखान्याला वरून हुकूम आला: जुनी भट्टी बंद करा, नाहीतर तिच्या धुराइतका कार्बन शोषणारं जंगल दाखवा. कारखान्याने अर्थातच जंगल दाखवलं. त्याच्याकडून पैसे घेऊन एका कंपनीने आमच्या उतारावर मोठा बोर्ड ठोकला आणि जंगल 'वाचवलं'. ते तोडायला कोण निघालं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. अट एकच होती. झाडं ठरल्याइतकी वाढलेली दिसली पाहिजेत, नाहीतर भट्टीला टाळं.

मोजणीदार खूश झाला. आमची झाडं वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर जाड होतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "खऱ्या मोजणीत हे टिकायचे नाहीत. भट्टी बंद होतेय बघ," त्याने लेकीला फोनवर सांगितलं.

पण मोजणीच्या आठवड्यात नातीला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मला जंगलातल्या चौकीत खुंटीला अडकवून तो तिकडे गेला. इकडे कंपनीचा साहेब आला. नवे बूट, नवी टोपी, हातात मोजणीचं चकचकीत यंत्र. पहिल्या झाडापाशीच यंत्राची बॅटरी संपली. मग त्याने खुंटीवरून मला काढलं आणि सहा दिवस जंगलभर फिरवलं. माझं टोक कुठे आहे, हे बघायची त्याला एकदाही गरज वाटली नाही. फोटो मात्र भरपूर काढले.

त्या वर्षी सगळं जंगल अकरा सेंटिमीटर वाढलं. मनगटाएवढं झाड अकरा, दोघांच्या कवेत न मावणारं झाडही अकरा. एक वठलेला बुंधा होता, पानाचा पत्ता नाही, तोसुद्धा दहा वाढला! बैठकीत कुणी भुवईही उंचावली नाही. एक तज्ज्ञ म्हणाले, मातीचा गुण आहे. दुसरे म्हणाले, संरक्षणाचा परिणाम. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. भट्टी वाचली.

मोजणीदार परतला, त्याने वही पाहिली आणि मला घेऊन थेट साहेबासमोर गेला.

"साहेब, ही टेप दहापासून सुरू होते. बघा."

साहेबाने पाहिलं. त्याचे कान लाल झाले. "काका, अहवाल गेला आता. पुढच्या वर्षी बघू."

"तोवर माझी नात त्या धुरातच राहील."

"काका, जरा मोठा विचार करा. तो धूर इथली झाडं शोषून घेतायत ना."

"ती इथे राहत नाही साहेब, तिथे राहते."

साहेब फोन कानाला लावून बाहेर गेला. बकरीला मी केव्हाच माफ केलंय, तिला भूक लागली होती.

बापलेकींनी मग गाठी मारलेल्या दोरीने अख्खं जंगल पुन्हा मोजलं. तीन आठवडे लागले. तपासनिसाने कागद न उघडताच परत केले, कारण दोरी प्रमाणित नव्हती. मी प्रमाणित होते, कारण माझ्यावर शिक्का होता. चर्चा वाढू नये म्हणून कंपनीने माझा सत्कार केला आणि मला इथे आणून बसवलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू हात जोडतो, आम्हाला जपा म्हणतो. मला भरपूर जपतात. रोज सकाळी मऊ फडक्याने काच पुसतात, धुळीचा कण बसू देत नाहीत. खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्रही आहे, दिवसभर चालू असतं. ते उचला आणि त्या मुलीच्या उशाशी नेऊन ठेवा. मला खोकला येत नाही.