टोपण काढलं तो रविवार

मी शोधक दुर्बीण बोलतेय. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर बसलेली, वीतभर लांबीची. तारा कुठे आहे ते आधी मी शोधायचं आणि "वा, वा" मात्र तिने ऐकायची, हा आमच्या घरचा न्याय.

माझा मालक घड्याळं दुरुस्त करायचा. रविवारी दुकान बंद ठेवून तो आम्हाला बाजाराच्या तोंडाशी उभं करी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना फुकटात सूर्यावरचे डाग दाखवी. लोक विचारायचे, "यात भविष्य दिसतं का हो?" तो हसून पुन्हा पहिल्यापासून समजावायचा. राग मला यायचा, त्याला नाही.

त्याचा नियम पक्का होता. मोठीच्या तोंडावर फिल्टर, माझ्या तोंडावर टोपण आणि वर चिकटपट्टी. दिवसा माझं काहीच काम नसे, सूर्य तो नळीची सावली बघून धरायचा. "हिच्यातून सूर्य बघाल तर डोळा जाईल. दुखणारसुद्धा नाही, म्हणून जास्त सांभाळायचं," असं तो प्रत्येकाला बजावी.

एका रविवारी बाजार समितीचे अध्यक्ष आले. "अहो, ते टोपण काढा की, फोटोत बरं दिसेल." वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने दिवसाउजेडी ती पट्टी सोलली. फोटो निघाला आणि अध्यक्ष सूर्याकडे ढुंकूनही न बघता चालते झाले. हा चडफडत राहिला. तोवर सूर्य मोठीच्या टप्प्यातून सरकला होता. रागाच्या भरात, रात्रीच्या सवयीने तो माझ्यावर वाकला आणि उजवा डोळा लावला.

मला ओरडता आलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी दुकानात नेहमीसारखं उजव्या डोळ्याला भिंग लावलं, तर घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग त्याला दिसेना. बघेल तिथे मधोमध काळा ठिपका. डॉक्टरांनी हात टेकले.

"सगळ्या जगाला सांगत होतात ना हो?" बायको म्हणाली.

"सांगत होतो."

दुकान आता मेहुणा चालवतो. हा कोपऱ्यात बसून घड्याळांचे पट्टे बदलून देतो.

त्याने मला एक शिवी दिली नाही. नुसते स्क्रू काढून पिशवीच्या तळाशी टाकलं. रविवारी तो अजून उभा राहतो, पिशवी स्टँडला टांगून. परवा एका बाईने विचारलं, "खरंच कुणाचा डोळा गेलाय, की उगाच भीती घालताय?"

त्याने पिशवी जरा मागे सारली. "ऐकलंय बुवा, कुणाचा तरी गेला म्हणून."

बाई हसत निघून गेली.

बाबा रे, मला बाहेर काढ. चारचौघांत माझं उघडं तोंड दाखव आणि सांग, हिनेच माझा डोळा खाल्ला. लाज वाटते तुला, कळतं मला. पण तुझं बोलणं हसण्यावारी नेऊन उद्या कुणी सूर्याला डोळा लावला, तर? माझ्याकडून गेला तो एक पुरे झाला.