मीटरचं शून्य

दाजींनी ती गाडी घेतल्यापासून त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय उरली नव्हती. लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार, आणि गिअर हाताने टाकायचे, कारण ऑटोमॅटिक म्हणे बायकांसाठी असते! शून्यावरून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठून दाखवतो, अशी फुशारकी ते मित्रांपुढे मारून बसले होते. संध्याकाळी सगळे आपापल्या गाड्या आणि वेग मोजायचं मीटर घेऊन जमणार होते. त्याआधी काचेला चिकटवायचं मीटर बसवून घ्यायला दाजी मेव्हण्याच्या गॅरेजात आले. सोबत ताईला आणलं होतं. आकडा वाचायला कुणीतरी हवं ना.

मेव्हणा म्हणजे मिस्त्री, ताईचा धाकटा भाऊ. दाजी ताईवर हात उचलतात हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो मूग गिळून बसतो, हे ताईला ठाऊक होतं.

मीटर लावणं तसं सोपं. गाडीचं आणि आत बसणाऱ्यांचं वजन भरायचं. गाडी सपाट जमिनीवर न्यूट्रलला उभी करून बटण दाबायचं, की मीटर धरून चालतं, ही सपाटी, इथून शून्य. पुढे गाडीला किती रेटा बसतो त्यावरून ते वेग काढतं. मिस्त्रीने सगळं चोख केलं आणि दोघांना फेरीवर पाठवलं.

गाडीत काही खोट नव्हती. खोट दाजींच्या डाव्या पायात होती. क्लच अर्धवट दाबून त्यांनी तिसरा गिअर असा ओढला, की त्याचा खरखराट गॅरेजात बसलेल्या मिस्त्रीच्या दाढेत घुसला. परत आल्यावर दाजी दार आपटून उतरले.

"किती आले?" मिस्त्रीने विचारलं.

"आठ," ताई उतरता उतरता म्हणाली.

दाजींनी वळून तिच्या थोबाडीत मारली. तिचं डोकं दाराच्या कडेवर आदळलं आणि ओठ फुटला. "गावभर दवंडी पिट आता! आठ म्हणे!"

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि नेहमीप्रमाणे गेली तशी खाली उतरली. "दाजी, माझंच सेटिंग चुकलं असेल," तो म्हणाला. "थांबा जरा."

दाजी मागच्या नळावर तोंड धुवायला गेले. मिस्त्रीने गाडीची मागची बाजू जॅकने किंचित उचलली आणि मगच शून्याचं बटण दाबलं. आता नाक खाली केलेल्या गाडीलाच मीटर सपाट समजणार होतं. जॅक काढून गाडी खरोखर सपाट झाली, की त्याला वाटणार कुणीतरी मागून सतत ढकलतंय. खोटा वेग, फुकटचा.

दुसऱ्या फेरीत सहाच्या आत आकडा आला. दाजींनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली, ताईच्या गालावरही मारली, आणि मित्रांना फोन लावत दारापाशी गेले. मिस्त्रीला हायसं वाटलं. निदान आजची रात्र ताईला सुखाची जाईल.

"काय केलंस तू?" ताईने हळूच विचारलं.

त्याने सांगितलं. ओठाला पदर लावून तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे तिथे दुसऱ्यांच्या मीटरवर आठच येणार. चारचौघांत नाक कापलं जाणार. आणि घरी येऊन ते कुणावर निघणार, अं? माझा जीव वाचवतोस, की तुझा?"

मिस्त्रीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लाज वाटली, आणि या खेपेला ती खाली उतरली नाही. तो सरळ दाजींसमोर जाऊन उभा राहिला.

"दाजी, तो आकडा खोटा आहे. मी मीटरला फसवलं. गाडी आठच घेते, कारण तुम्हाला गिअर टाकता येत नाही. आणि ताई आता तुमच्याबरोबर येणार नाही."

दाजींनी फोन खिशात ठेवला आणि भिंतीला टेकवलेला चाकाचा पाना उचलला. पहिला घाव मिस्त्रीच्या खांद्यावर बसला. तो बॉनेटवर कोसळला. दुसरा त्याच्या डाव्या पंजावर पडला, पत्र्यासकट. हाड मोडल्याचा आवाज त्याने आधी ऐकला, कळ नंतर आली. दाजी शिव्या देत पाना त्याच्या डोक्यावर उगारत होते, तेवढ्यात ताईने जॅकचा लोखंडी दांडा त्यांच्या गुडघ्यावर घातला. दाजी गुरासारखे ओरडत खाली आले. तिने पुन्हा घातला, मांडीवर, मग बरगडीत. "माझ्या भावाला? माझ्या भावाला मारतोस?" चौथ्यांदा दांडा डोक्याच्या रोखाने वर गेला तेव्हा मिस्त्रीने शाबूत हाताने तो धरला.

"ताई, पुरे. तुरुंगात जाशील."

तिच्या हातून दांडा सुटायला वेळ लागला.

दाजींना तिथेच विव्हळत टाकून दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीचा पंजा पाहिला, ताईचा ओठ पाहिला. "कसं लागलं?"

जॅक घसरला, हे उत्तर मिस्त्रीच्या जिभेवर आयतं होतं. ताईचं मनगट मोडलं होतं तेव्हा 'न्हाणीत पाय घसरला' असं याच तोंडाने त्याने सांगितलं होतं. ताई त्याच्याकडे बघत होती.

"दाजींनी मारलं," तो म्हणाला. "मला आज. हिला लग्न झाल्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला पोलिसांना फोन लावायला सांगितलं. ताईने भावाचा सुजलेला हात आपल्या मांडीवर घेतला.

"आता त्याला दाजी म्हणू नकोस," ती म्हणाली.