कडेची जागा

रंगनाथने पाठ मोरीच्या कठड्याला टेकवली आणि पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं. सुलाबाईंची उशी अजूनही चौकटीबाहेरच राहत होती. मागे सरकायला तसूभर जागा उरली नव्हती.

मखमलाबादच्या मळ्यातली ही दहा बाय नऊची खोली आणि आत माणसं एकवीस. साखरपुडा बाहेर मांडवात ऐसपैस झाला होता. पण नवरीची आजी सुलाबाई सहा महिन्यांपासून खाटेला खिळलेली. आजीशिवाय फोटो नको, असं नवरीने, सायलीने बजावलं होतं.

दुकानदाराने रंगनाथला दोन लेन्स दिवसभर वापरून बघायला दिल्या होत्या, अठ्ठावीस मिलिमीटरची आणि तिच्याहून जास्त रुंदी पकडणारी वीसची. दोन्हींतली एकच ठेवायची होती. रंगनाथ तसा घाबरट माणूस, त्यात गेल्या वर्षीचा धसका. शेजारच्या मळ्यात अशाच गर्दीत त्याने घाईने बटण दाबलं आणि रोल धुऊन आला तेव्हा आजोबांचा नुसता गुडघा निघाला. आजोबा त्याच महिन्यात गेले. त्या घरच्या बाया अजून त्याला पाहून तोंड फिरवतात.

त्याने अठ्ठावीसची काढून वीसची लावली. सुलाबाई उशीसकट आत आल्या. त्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. अगदी कडेला उभ्या असलेल्या नवऱ्या मुलाच्या काकांचं, सावळीरामांचं तोंड या लेन्समधून भोपळ्यासारखं पसरलेलं दिसत होतं. हे गृहस्थ मघाशी चहा उशिरा आला म्हणून रुसले होते. असा फोटो हातात पडला तर सगळं खापर मुलीकडच्यांवर फुटणार. रंगनाथने कॅमेरा खाली घेतला.

“काय अडलं?” नवरीचा बाप केरू जवळ आला.

“दादा, आजी येतात, पण कडेचा माणूस ताणल्यासारखा दिसतो,” रंगनाथ हळूच म्हणाला. “दुसरी लेन्स लावली तर आजी जातात.”

केरूने आईकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाला, “सावळीरामभाऊ, तुम्ही मधी या. मान तुमचा हाय.”

सावळीराम खुशीत मध्ये सरकले. त्यांच्या जागी केरू जाऊन उभा राहिला.

“दादा, तुम्ही नवरीचे वडील,” रंगनाथ कळवळला.

“माझं थोबाड रोजच बघत्यात समदे. तू आईकडं ध्यान दे.”

रंगनाथने श्वास रोखून बटण दाबलं.

आठवड्याने तो फोटो घेऊन आला. सुलाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. सायलीवर बोट ठेवलं, नातजावयावर ठेवलं, सावळीरामांना ओळखलं. स्वतःला पाहून तर लाजल्याच. मग बोट सरकत कडेला गेलं आणि तिथेच थांबलं.

“ह्यो कोन रं, केरू?”

केरू खाटेशी उकिडवा बसला होता. त्याने फोटोकडे पाहिलं नाही, आईची गोधडी नीट केली.

“पाव्हण्यांपैकी हाय कुनीतरी,” तो म्हणाला.