मॅडमच्या कपाळावरचा टिळा

भाच्याने ब्रशवर टूथपेस्ट घेतली आणि घोडीच्या कपाळावर पांढरा टिळा काढला. चुन्याने भाजलं असतं, ऑइलपेंट निघाला नसता, म्हणून टूथपेस्ट. तबेल्यात पुदिन्याचा वास पसरला.

"जरा डावीकडे होता," घोडीला धरून उभी असलेली ताई म्हणाली. "आणि मॅडम एवढी जाड नव्हती."

मॅडम म्हणजे मामांची घोडी. तिने जन्मभर मामांची गाडी ओढली. स्वतःचा खुबा मोडल्यावर मामांनी तिला भाचरांच्या या आश्रमात सोडलं. म्हाताऱ्या घोड्यांचा आश्रम चालवायला दया पुरते, अशी भाच्याची समजूत होती. पण घोडे दया खात नाहीत. गवत महागलं तेव्हा बेकरीवाला शिळा पाव फुकट देऊ लागला आणि भाच्याने पोतीच्या पोती उतरवून घेतली. घोड्याला उलटी होत नाही, हे त्याला डॉक्टरांकडून कळलं, मॅडमचं पोट फुगल्यावर. त्याच दिवशी ती गेली.

मामांना सांगायचं राहिलं. भाचा दर रविवारी जुनेच फोटो पाठवत राहिला, आणि गेल्यानंतर मॅडमची तब्येत चांगलीच सुधारत गेली. इतकी, की मामा वॉकर घेऊन भेटायलाच निघाले. नशिबाने मध्यंतरी कुणीतरी ही घोडी फाटकाला बांधून गेलं होतं. रंग जवळपास तोच.

मामा आले. डब्यातून त्यांनी घरून किसून आणलेलं गाजर काढलं. मॅडमला दात उरले नव्हते. घोडीने ते चाटूनपुसून खाल्लं. मामा तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. भाचा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. ताई स्वच्छ बादली पुन्हा विसळत होती.

मामांनी हात खाली घेतला. तळहात पांढरा झाला होता. तो त्यांनी नाकाशी नेला, मग सावकाश रुमालाला पुसला.

"त्रास झाला का रे तिला?"

"पाव घातला मी, मामा," भाचा म्हणाला.

मामांनी रिकामा डबा दोनदा बंद करून पाहिला.

"आणि हिचं नाव काय?"

भाच्याने ताईकडे पाहिलं. ताईने बादलीत.

"अजून ठेवलं नाही."

"मग आधी तिचं तोंड धू."

भाच्याने बादली ओढली आणि फडकं भिजवून घोडीच्या कपाळाला लावलं. फेस झाला. पुसावा तसा वाढतच गेला.