भाऊबंदांसमोर नळी

आमच्या मोंटेनेग्रोच्या डोंगरात पुरुष भाऊबंदांसमोर एकदा ‘आई गं’ म्हणाला, की ते त्याच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चघळायला पुरतं. म्हणून माझा नवरा रादिसाव लघवी तुंबून इस्पितळात पडला, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तरी मिशीला पीळ देत होता.

आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही ही आमची रीत. त्यामुळे दारूची बाटली कोटात लपवून सगळे भाऊबंद खाटेभोवती हजर. नर्स सेन्का लघवीची नळी आणि बधिर करणारी जेल घेऊन आली, तर माझा धाकटा दीर वुकोता म्हणाला, आपली स्वतःची नळी दर महिन्याला बदलतात, पण असलं बायकी लोणी आपण कधी लावून घेतलं नाही. झालं. आमच्या वाघानेही जेल परत पाठवली.

नळी आत जाताना वाघाने अंग असं आवळलं, की ती अर्ध्यावरच अडली. रक्त आलं, तोंडातून आवाज तेवढा आला नाही. डॉक्टर सांगून गेले, आणखी एकदा बघू, नाहीतर पोटाला भोक पाडावं लागेल. भाऊबंदांनी अशा माना डोलवल्या, जणू ते भोक शत्रूच्या गोळीनेच पडणार होतं.

मी सगळ्यांना बाहेर हाकललं.

“सगळी बाळंतपणं मी ओरडून काढली,” नवऱ्याला म्हटलं. “माझी अब्रू गेली का कुठे? गप पड.”

तो पडला. सेन्काने जेल हळूहळू आत सोडली आणि एक कॉफी पिऊन होईल इतका वेळ थांबली. घाई केली तर औषधाचा उपयोग होत नाही, म्हणाली. मग त्याला अंग सैल सोडायला, लघवी करतोय असं समजून लांब श्वास घ्यायला लावलं, आणि नळी सरळ आत गेली. पिशवी भरू लागली, तसा त्याच्या तोंडावर रंग आला.

“एवढंच होतं?” त्याने विचारलं. मी दार उघडलं.

भाऊबंद परत आत आले. वुकोताने मला खिडकीशी गाठलं. “वहिनी,” तो कुजबुजला, “दादाला खरंच काही दुखलं नाही? माझी नळी सोमवारी बदलायचीय.”

म्हणजे हा मूर्ख खरंच दर महिन्याला कोरडी नळी सोसत होता, स्वतःच्याच फुशारकीपायी.

“त्यालाच विचार की,” मी मोठ्याने म्हटलं. “सगळ्यांसमोर.”

रादिसावने मिशीवरचा हात खाली घेतला.

“लावून घे रे ते लोणी, गाढवा,” तो म्हणाला. “मी लावलं.”